ऑलिंपिक सुवर्ण नाही म्हणजे बॅडमिंटनची कारकीर्द अपुरी?

तिसरा गेम (धागाकर्ता)

मलेशियाच्या ली चोंग वेईचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "खेळाडू मोठा, पण सुवर्ण काही हाती लागलं नाही." मला हे वाक्य मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

आकडे बहुतेकांना माहीत असतील, तरी एकदा मांडतो. 2008 बीजिंग, 2012 लंडन, 2016 रिओ, तिन्ही वेळा रौप्य. विश्व अजिंक्यपदाच्या 2011, 2013 आणि 2015 च्या अंतिम सामन्यांत हार. आता दुसरी बाजू बघा. एकूण 349 आठवडे जागतिक क्रमवारीत पहिला, त्यातले 199 सलग. ऑल इंग्लंड ही जुनी, मानाची स्पर्धा चार वेळा जिंकली.

2011 ची विश्व अजिंक्यपद स्पर्धा आणि लंडन ऑलिंपिकचं बॅडमिंटन, दोन्ही वेम्बली अरीनात झालं. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर चीनचा लिन डॅन. पहिल्या वेळी तिसरा गेम 21-23 असा गेला, दुसऱ्या वेळी 19-21. दोन्हीकडे फरक फक्त दोन गुणांचा. वर्षानुवर्षं दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या देशात जाऊन जिंकत राहिलेल्या माणसाची किंमत आपण या मूठभर गुणांवर ठरवायची?

माझं मत स्पष्ट आहे. बॅडमिंटनपटूची खरी ओळख वर्षभराच्या दौऱ्यात होते. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येतं. नेमकी त्याच आठवड्यात पोटरी धरली की चार वर्षं गेली. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी स्वतः स्पर्धा खेळल्या आहेत किंवा ज्यांची मुलं खेळतायत, त्यांनी जरूर लिहा. कारकीर्द मोजायची कशाने?

---

रॅलीप्रेमी

साफ असहमत.

मोठ्या दिवशी मोठा खेळ करणं हे वेगळं कसब आहे आणि ते नशिबाच्या खात्यात टाकणं लिन डॅनवर अन्याय आहे. 2013 ची विश्व अजिंक्यपद स्पर्धा आठवा. लंडननंतर तो फारसा खेळलाच नव्हता, क्रमवारी घसरलेली, वाइल्ड कार्डवर (क्रमवारी न बघता दिलेल्या प्रवेशावर) आत आला आणि ग्वांगझूत सुवर्ण घेऊन गेला. अंतिम सामन्यात समोर ली चोंग वेईच होता, पहिल्या क्रमांकावरचा. पहिला गेम लीने घेतला, दुसरा लिनने. तिसऱ्यात 17-20 असताना लीच्या पायात गोळे आले आणि त्याला सामना सोडावा लागला.

शरीर कधी शिखरावर आणायचं, कुठली स्पर्धा सोडायची, कुठे पहिल्या फेरीत हरलं तरी चालेल, हे सगळं त्या माणसाने आखलेलं होतं. 349 आठवडे पहिला राहणं थोर आहेच. पण दर आठवड्याला जीव ओतणाऱ्याकडे त्या एका आठवड्यासाठी काय उरतं, हाही प्रश्न आहे.

---

डावखुरी

मग रिओच्या उपांत्य सामन्याचं काय करायचं? तिसरा गेम 22-20, आणि जिंकला ली. समोर लिन डॅन, स्पर्धा ऑलिंपिक. यापेक्षा मोठा दिवस कुठला?

---

रॅलीप्रेमी

@डावखुरी, तो सामना मी उभ्याने बघितला होता. मान्य, त्या दिवशी ली मोठा होता. पण दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात पुन्हा उठून चीनच्या चेन लाँगला हरवायचं होतं, तिथे 18-21, 18-21. स्पर्धा उपांत्य फेरीत संपत नाही.

---

जुना ऑल इंग्लंडवाला

मंडळी, बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ झाला 1992 ला, बार्सिलोनात. विश्व अजिंक्यपद स्पर्धासुद्धा 1977 पासूनची. ऑल इंग्लंड मात्र 1899 पासून चालू आहे. ऑलिंपिकनेच मोजायचं तर इंडोनेशियाच्या रुडी हार्टोनोचं काय करणार? आठ वेळा ऑल इंग्लंड, त्यातली सात सलग, 1968 ते 1974. त्याच्या भरात ऑलिंपिकचं दारच बंद होतं.

नंदू नाटेकरांनी 1956 ला क्वालालंपूरला सेलंगोरची स्पर्धा जिंकली. परदेशातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. प्रकाश पदुकोण 1971 पासून सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेते होते. 1980 ला त्यांनी ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात लिम स्वी किंगला हरवलं, तेही सरळ दोन गेममध्ये. किंग म्हणजे उडी मारून स्मॅश ठोकणारा माणूस. पदुकोणांनी त्याला ती उडी घेण्याजोगं फूलच (शटल) दिलं नाही. अर्ध्या कोर्टात थांबवलेले टॉस (उंच मारलेली फुलं), नेटवर हळूच सोडलेले ड्रॉप, मध्येच गती बदलायची. किंगचा पाय प्रत्येक वेळी अर्धं पाऊल उशिरा पडत होता. त्या विजयाला सुवर्णपदकाची जोड नाही म्हणून तो लहान होतो का?

मोजपट्टी काळाप्रमाणे बदलते, एवढंच माझं म्हणणं. पुन्हा 2006 पर्यंत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचे, नंतर 21 ची रॅली पद्धत आली, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण. तेव्हाचा आणि आताचा दमसास एका तागडीत घालता येत नाही.

---

नेटजवळची

+1 जुना ऑल इंग्लंडवाला. गोपीचंदचं 2001 पण घ्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर परत उभं राहून ऑल इंग्लंड जिंकलं, अंतिम सामन्यात चेन हाँगला 15-12, 15-6.

---

टेपवाली

मी खेळाडूंच्या दुखापतींवर काम करते, म्हणून या चर्चेत गुडघ्याची बाजू मांडते. कारकीर्द कशाने मोजायची ते ठरवा निवांत, ती संपते कशाने ते मी रोज बघते.

बॅडमिंटनमध्ये गुडघ्याचा पुढचा लिगामेंट तुटतो तो बहुतेकदा रॅकेटच्या विरुद्ध बाजूच्या पायाचा. फूल बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात जातं, खेळाडू मागे झेप घेत डोक्यावरून फटका मारतो आणि रॅकेट नसलेल्या बाजूच्या एकाच पायावर उतरतो. उतरताना गुडघा आत वळलेला असतो, कंबर अजून मागे जात असते आणि मेंदूने मात्र पुढे नेटकडे पळायचा हुकूम दिलेला असतो. तेवढ्यात काम होतं. कुणी धक्का दिलेला नसतो, पाय घसरलेलाही नसतो.

स्पेनची कॅरोलिना मरीन डावखुरी. जानेवारी 2019 ला इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात सायनाविरुद्ध पुढे असताना उजवा गुडघा गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परत येऊन तिने चायना ओपन जिंकली. माझ्या व्यवसायातले लोक अजून त्यावर बोलतात. 2021 ला टोकियोच्या तोंडावर डावा गुडघा गेला. मग 2024, पॅरिसचा उपांत्य सामना. पहिला गेम खिशात, दुसऱ्यातही आघाडी, आणि पुन्हा उजवा.

आता सांगा, ती 2016 चं सुवर्ण आणि विश्व अजिंक्यपदाची तीन विजेतेपदं यांनी मोजायची की या तीन गुडघ्यांनी? मला विचाराल तर लिगामेंट बांधून घेतल्यावर पहिल्यांदा त्याच कोपऱ्यात न बिचकता उडी मारणं हा मी पाहिलेला सगळ्यात अवघड फटका आहे. महिनोन्‌महिने मोकळ्या कोर्टात शॅडो (फुलाशिवाय हालचालींचा सराव) करणारे खेळाडू समोरून खरं फूल आलं की त्या पायावर वजनच टाकत नाहीत. पाय बरा झालेला असतो, पण अंगाचा त्याच्यावर विश्वास बसलेला नसतो.

---

डावखुरी

आणि चीनची हे बिंगजियाओ! मरीनच्या दुखापतीमुळे अंतिम फेरीत गेली. पदक घ्यायला व्यासपीठावर आली तेव्हा हातात स्पेनचा बिल्ला धरून उभी होती. रौप्यपदकाच्या शेजारी तो बिल्ला. त्या फोटोसाठी तरी मी ऑलिंपिकच्या बाजूने.

---

बेसलाइन

वाचतोय कालपासून. सगळी चर्चा पहिल्या दहा जणांवर चालली आहे. मी क्रमवारीत फार खाली असलेल्या गर्दीतला, आता खेळणं सोडून शिकवतो. तिथलं चित्र लिहितो, कारण बहुतेकांची कारकीर्द तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते.

क्रमवारीचं गणित असं आहे. मागच्या 52 आठवड्यांतल्या तुमच्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. म्हणजे गेल्या वर्षी याच आठवड्यात उपांत्य फेरी गाठली असेल, तर या वर्षी ते गुण जाणार. तुम्ही जागेवर उभे राहिलात तरी खाली घसरता. गुण टिकवायला खेळायचं, खेळायला प्रवास करायचा, आणि प्रवासात दुखणं अंगावर काढायचं.

स्पर्धांच्या पायऱ्या अशा: वर सुपर 1000, 750, 500, 300 आणि 100. त्याखाली इंटरनॅशनल चॅलेंज, इंटरनॅशनल सिरीज, फ्युचर सिरीज. खालून वर चढायचं तर आधी प्रवेश मिळायला हवा, आणि प्रवेश क्रमवारीवर. नाव राखीव यादीत असतं. कुणी माघार घेतली तर तुम्ही पात्रता फेरीत. बॅग भरून ठेवायची आणि यादी सारखी उघडून बघायची. पात्रता फेरीत एका दिवसात दोन सामने, ते जिंकले तर दुसऱ्या सकाळी मुख्य फेरीत ताज्यातवान्या मानांकित खेळाडूसमोर.

टीव्हीवर सामना बघताना कोर्टामागच्या दोन खुर्च्यांवर प्रशिक्षक बसलेले दिसतात ना? 11 गुणांवरच्या मिनिटभराच्या विश्रांतीत ते काहीतरी सांगतात. खालच्या पातळीवर त्या खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. एकदा सकाळी मी ज्याला हरवलं होतं, तोच दुपारी माझ्या खुर्चीत येऊन बसला आणि मध्यंतरात म्हणाला, "फोरहँडच्या कोपऱ्यातून परत येताना तू मध्यापर्यंत येतच नाहीस, तो तुला तिथेच पकडतोय." बरोबर होतं त्याचं. तो सामना मी जिंकलो. पुढे आम्ही अनेक वर्षं एकमेकांच्या खुर्चीत बसलो.

माझ्या घरी सुवर्ण नाही, रौप्य नाही. पण कुणी मला माझी कारकीर्द अपुरी आहे म्हणालं तर मी भांडेन.

---

नेटजवळची

बेसलाइन, असं अजून लिहा. राखीव यादीचं हे कधी कुणी सांगत नाही.

---

दुहेरीवाला

एवढा मोठा धागा आणि दुहेरीचा एक शब्द नाही! नेहमीचंच.

लांब कारकीर्द बघायची असेल तर इंडोनेशियाचा हेंद्र सेतियावान बघा. 2007 ला मार्किस किडोबरोबर विश्वविजेता, 2008 ला त्याच्याबरोबरच ऑलिंपिक सुवर्ण. मग जोडीदार बदलला. मोहम्मद अहसानबरोबर 2013, 2015 आणि 2019 ला विश्वविजेता. 2019 चा बाझलचा अंतिम सामना नेमका त्याच्या 35 व्या वाढदिवशी होता. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑल इंग्लंडला पोटरी दुखावलेली असताना लंगडत अंतिम सामना खेळला आणि जिंकला. लंगडत कसा? तर नेटसमोरून हललाच नाही. मागची सगळी धावपळ अहसानने केली आणि पुढे हा फक्त रॅकेट वर धरून उभा. फूल कुठे येणार ते त्याला समोरच्याआधी कळायचं.

एकेरीत 30 नंतर पाय बोलायला लागतात. दुहेरीत डोकं उशिरापर्यंत कामाला येतं. शिवाय दुहेरीत हरलात की भांडायला हक्काचं माणूस शेजारीच असतं.

---

टेपवाली

@दुहेरीवाला, पाय वाचतात पण खांदा आणि कंबर जाते. माझ्याकडे दुहेरीवाले कमी येत नाहीत, एवढं नोंदवून ठेवा.

---

ओवीची आई

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझी लेक 14 वर्षांची आहे, एकेरी खेळते, तिच्या वयोगटात बरी आहे. प्रशिक्षक म्हणतात आता दिवसातून दोनदा सराव हवा, शाळा बाहेरून करा. घरात दोन तट पडलेत. तिला विचारलं तर म्हणते, मला खेळायचंय. पण 14 व्या वर्षी "खेळायचंय" म्हणजे नक्की काय, ते मला कळत नाही. बेसलाइन यांचा प्रतिसाद वाचून धाकधूक वाढली, खरं सांगते. तुम्ही लोक काय सांगाल?

---

रॅलीप्रेमी

ताई, या खेळात लवकर सुरुवात लागते हे खरं. रत्चनोक इंतानोन 2013 ला विश्वविजेती झाली तेव्हा 18 वर्षांची होती. पायांची लय आणि मनगट लहानपणीच तयार होतं. दोनदा सराव करायचाच तर आता, नंतर नाही.

---

दुहेरीवाला

आणि श्रीकांत? तो ज्युनिअर असताना दुहेरी आणि मिश्र दुहेरी खेळत होता. गोपीचंदने त्याला एकेरीकडे वळवलं. 2017 ला त्याने एकाच वर्षात चार सुपर सिरीज (तेव्हाच्या वरच्या दर्जाच्या स्पर्धा) जिंकल्या: इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, फ्रान्स. 14 व्या वर्षी एकेरी की दुहेरी हे ठरवून टाकायची घाई कशाला? दोन्ही खेळू दे.

---

बेसलाइन

ओवीची आई, धाकधूक वाढवायचा हेतू नव्हता. मी शिकवतो त्या मुलांकडे बघताना एक गोष्ट तपासतो. सामना हरल्यावर मूल काय बोलतं ते ऐका. "मी वाईट खेळले" असं म्हणणारी मुलं पुष्कळ. पण एखादी म्हणते, "तिने माझी सर्व्हिस ओळखली होती, दुसऱ्या गेममध्ये बदलायला हवी होती." ती मुलगी खेळाच्या आत शिरलेली असते. तिला दोनदा सराव द्या, ती त्यातून काहीतरी काढेल. पहिल्या प्रकारच्या मुलाला दोनदा सराव दिला तर थकवा तेवढा दुप्पट होतो.

आणि शाळा पूर्ण सोडू नका. लिगामेंटबद्दल वर वाचलंच असेल.

---

सर्व्हिस जज

थोडं विषयांतर. मी स्पर्धांना अधिकारी म्हणून जातो. ज्यांना वाटतं की चांगला खेळाडू कुठेही चांगलाच खेळतो, त्यांनी एकदा सकाळी लवकर हॉलमध्ये येऊन फुलांची चाचणी बघावी.

मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर पूर्ण जोराने फूल मारायचं. समोरच्या मागच्या रेषेच्या 530 ते 990 मिलिमीटर अलीकडे पडलं तर त्याचा वेग बरोबर. तेच फूल दुपारी प्रेक्षक आल्यावर, हॉल तापल्यावर वेगळं जातं. वातानुकूलनाचा झोत एका बाजूने असेल तर एका कोर्टावर टॉस बाहेर आणि दुसऱ्या बाजूने तोच टॉस अर्ध्यात. जाणते खेळाडू नाणेफेक जिंकली की सर्व्हिस घेत नाहीत, बाजू निवडतात. तिसऱ्या गेममध्ये 11 ला बाजू बदलते, त्यामुळे शेवटचे दहा गुण कुठल्या बाजूने खेळायचे याचा हिशोब त्यांनी आधीच केलेला असतो.

हे शिकायला वर्षं जातात. तरुण मुलं हात लावतील तो फटका मारतात आणि तरी 30 वर्षांच्या माणसाकडून हरतात, त्याचं अर्धं कारण हे आहे.

2018 पासून सर्व्हिस करताना फूल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खालीच हवं असा नियम आला तेव्हा उंच खेळाडूंची फार पंचाईत झाली होती. डेन्मार्कचा ॲक्सेलसेन 1.94 मीटरचा. गुडघे वाकवून सर्व्हिस करायला त्यालाही नव्याने शिकावं लागलं. दोन ऑलिंपिक सुवर्णं त्यानंतरची.

---

डावखुरी

फुलांची चाचणी! माझ्या लहानपणी आम्ही तीच फुलं पिसं झडेपर्यंत खेळायचो, वेग कसला आणि काय.

---

तिसरा गेम

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेला. सर्व्हिस जज, वेम्बलीतल्या त्या दोन तिसऱ्या गेममध्ये 11 नंतर कोण कुठल्या बाजूला होतं, ते आता परत बघणार आहे.

रॅलीप्रेमींच्या "मोठ्या दिवसा"च्या मुद्द्यावर एक सांगतो. ऑलिंपिकच्या एकेरीत साधारण 38 खेळाडू. एका देशाचे जास्तीत जास्त दोन, तेही दोघं पहिल्या 16 मध्ये असतील तरच. म्हणजे बलाढ्य देशाचा तिसरा खेळाडू जगात पहिल्या दहात असला तरी घरी. सुपर 1000 च्या 32 जणांत मात्र पहिल्या फेरीपासून तलवारी उपसलेल्या. मग स्पर्धा म्हणून कठीण कुठली?

---

रॅलीप्रेमी

स्पर्धा म्हणून सुपर 1000 कठीण, हे मान्य. पण दडपण म्हणून ऑलिंपिक. सुपर 1000 हरलात तर पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा आहे. दुसरी संधी नसताना खेळायचं, याला किंमत आहे की नाही?

---

नेटजवळची

दुसऱ्या संधीवरून जपानचा मोमोटा आठवला. 2016 ला बेकायदा जुगारापायी बंदी, रिओ हुकलं. 2017 ला परत आला तेव्हा क्रमवारीत 282 वा. 2018 आणि 2019 ला विश्वविजेता. 2019 मध्ये एका वर्षात 11 विजेतेपदं! मग जानेवारी 2020, मलेशिया मास्टर्स जिंकून क्वालालंपूरच्या विमानतळाकडे जाताना गाडीला अपघात. चालक जागीच गेला. मोमोटाच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. टोकियोत मायदेशी गटातच बाहेर पडला. 2024 ला आंतरराष्ट्रीय खेळ थांबवला.

पदकांच्या यादीत बघाल तर ऑलिंपिकच्या रकान्यात काहीच नाही. पण 2019 मध्ये त्याला नेटवर खेळताना ज्यांनी बघितलं, त्यांना विचारा. फूल पट्टीला घासून पलीकडे पडायचं आणि समोरचा नुसता बघत राहायचा.

---

जुना ऑल इंग्लंडवाला

मोजायचंच आहे तर सगळं मोजा. ली चोंग वेईच्या नमुन्यात 2014 ला डेक्सामेथासोन हे बंदी असलेलं औषध सापडलं, आठ महिन्यांची बंदी लागली, त्या वर्षीचं विश्व अजिंक्यपदाचं रौप्य काढून घेतलं गेलं. फसवणुकीचा हेतू नव्हता असं समितीनेच मान्य केलं, हेही तेवढंच खरं. मी त्याचा चाहता आहे, म्हणूनच हे लपवू नये असं वाटतं. तिशी ओलांडून बंदीनंतर परत आला आणि रिओत अंतिम फेरी गाठली, 2017 ला ऑल इंग्लंड जिंकली. 2018 ला नाकाचा कर्करोग निघाला, उपचार घेतले, 2019 च्या जूनमध्ये निवृत्त झाला.

---

तिसरा गेम

बरोबर. हे माझ्या मूळ लेखनात यायला हवं अशाच तोलाचं आहे. बंदीनंतरची त्याची दोन वर्षं मला त्या 349 आठवड्यांहून जास्त भावतात.

---

टेपवाली

महिला एकेरीत तैवानची ताई त्झू-यिंग. 214 आठवडे पहिली. टोकियोत रौप्य, अंतिम सामना चेन युफेईकडून तीन गेममध्ये गेला. विश्व अजिंक्यपद एकदाही नाही. पण तिचे फसवे फटके आजही प्रत्येक सराव केंद्रात मुली मोबाइलवर बघून नक्कल करतात. एका पिढीचा खेळ जिने बदलला तिची कारकीर्द अपुरी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

---

डावखुरी

आणि सिंधू! 2019 ला बाझलमध्ये जपानच्या ओकुहाराला 21-7, 21-7 असं हरवून विश्वविजेती झाली. पण माझ्या ओळखीत कुणालाही विचारा, बोलतात ते 2017 च्या ग्लासगोतल्या विश्व अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यावर. 110 मिनिटं, तिसरा गेम 20-22, हरलेला सामना.

---

लहानगा (नवीन सभासद)

निवृत्तीनंतर काय करतात हो हे लोक?

---

दुहेरीवाला

बरेच जण शिकवतात, काही समालोचन करतात. तैवानचा ली यांग, 2020 आणि 2024 असं दोन्ही वेळा पुरुष दुहेरीचं सुवर्ण. खेळ थांबवला आणि पुढच्याच वर्षी देशाचा क्रीडामंत्री झाला. दुहेरीवाले कुठेही निभावून नेतात.

---

बेसलाइन

@लहानगा, पहिले काही महिने काहीच सुचत नाही हे आधी सांगतो. सकाळी ठरलेल्या वेळी जाग येते आणि जायला कोर्ट नसतं. पुढच्या स्पर्धेची तारीख नसली की आठवडा कुठून सुरू करायचा तेच कळत नाही. माझ्याबरोबरच्या दोघांनी पंचांच्या परीक्षा दिल्या, एक गटिंग (रॅकेटची जाळी विणणं) करण्यात तरबेज झाला आणि मोठ्या स्पर्धांना रॅकेट ओवायला जातो. ताण अर्धा पौंड कमी-जास्त झाला तरी खेळाडूला हातात कळतं, आणि त्याला ते ऐकूही येतं. तळव्यावर आपटून आवाजावरून सांगतो. तोही याच खेळात मुरला, फक्त कोर्टाबाहेर.

धाग्याच्या प्रश्नाबद्दल: मला वाटतं वरच्यांची मोजदाद पदकांनी होणारच, ती कुणी थांबवू शकत नाही. पण खेळाडू स्वतःला मोजतो ते कुणाकुणाला हरवलं आणि कुणी आपल्याला हरवण्यासाठी खास तयारी केली, यावर. लीसाठी लिन डॅनला वेगळी तयारी करावी लागली. ते प्रमाणपत्र कुठल्या व्यासपीठावर मिळत नाही.

---

रॅलीप्रेमी

हे पटलं. माझं मत तरी तेच आहे, सुवर्ण ते सुवर्ण. पण लीशिवाय लिन डॅनचं सुवर्ण एवढं चमकलं नसतं, हे लिहायला मला काहीच अडचण नाही.

---

ओवीची आई

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला आणि लेकीला वाचून दाखवले. बेसलाइन म्हणाले तसं तिला मागच्या हरलेल्या सामन्याबद्दल विचारलं. म्हणाली, "आई, ती प्रत्येक वेळी माझ्या बॅकहँडला टॉस देत होती आणि मी दर वेळी ड्रॉपच टाकला." मग स्वतःच वहीत कोर्ट काढून दाखवायला लागली. शाळा चालू ठेवून आठवड्यातले तीन दिवस दोनदा सराव, असं सध्या ठरलंय. प्रशिक्षकांना सांगितलं, ते थोडे नाराज झाले पण तयार झाले. आणि पुढच्या स्पर्धेत दुहेरीतही नाव देतोय. जोडीदार तिच्याहून उंच आहे, डावखुरी आहे. दुहेरीवाला, त्यासाठी काही सांगाल का?

---

दुहेरीवाला

डावखुरी-उजवी जोडी म्हणजे निम्मं काम झालं! दोघींचेही फोरहँड कुठल्या बाजूला असताना बाहेर येतात आणि कुठल्या बाजूला मध्ये येतात, ते आधी कोर्टावर चालून बघा. मध्यावरचं फूल कुणाचं ते सामन्याआधी ठरवा, सामन्यात ठरवू नका. आणि पहिला आठवडा फक्त लहान सर्व्हिस आणि तिसरा फटका. स्मॅश वगैरे नंतर. ड्रॉ लागला की इथे लिहा.